तांदळात लिहिलेलं नाव

बोलण्याआधी काकू अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायच्या आणि मग म्हणायच्या, "एकाहत्तर महिने. एकही खाडा नाही."

गल्लीत त्यांना सगळे जर्मनकाकू म्हणत. माहेर धारचं. इंदूरला नर्सिंग शिकून त्या करारावर जर्मनीला गेल्या, तिथल्या दवाखान्यात सहा वर्षांना एक महिना कमी इतकी नोकरी केली, आणि परतल्यावर लग्न होऊन देवासला आल्या.

मी देवासला कचेरीसमोर ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. बाबा शिलाई करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, म्हणून बी.कॉम.ची पदवी फ्रेम करून प्रिंटरच्या वर टांगली आहे. लोकांना दिसावी म्हणूनच टांगली आहे.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी उशीचा अभ्रा टेबलावर पालथा केला. आतून पगाराच्या चिठ्ठ्या निघाल्या. "म्हातारपणासाठी दर महिन्याला कापून घेत. माझ्याबरोबरच्या बायांनी परतल्यावर अर्ज करून आपला हिस्सा काढून घेतला. मी ठेवला."

तिथल्या पेन्शन विम्याचं नाव त्या एका दमात घ्यायच्या. "रेंटेनफरझिशरुंग!"

शेजारचा चहावाला लगेच ओरडायचा, "सर्दी हुई गी कंई, काकी?"

मुलगा कमावता, सून प्रेमाची. मग यांना पेन्शन कशाला, असा प्रश्न तुमच्यासारखा मलाही पडला होता. विचारलं तर म्हणाल्या, "चष्म्याची काडी तुटली तरी मुलाला सांगावं लागतं गं. तो नाही म्हणत नाही. पण सांगावं लागतं."

अर्ज पाठवला. उत्तर आलं: महिने सापडले, पेन्शन बसते, पण हे महिने दुसऱ्याच बाईचे दिसतात. ती बाई तुम्हीच, याचा पुरावा द्या.

झालं होतं असं, की लग्नात काकूंचं आडनावच नव्हे, नावही बदललं होतं. जुन्या घराण्यांत बदलतात तसं. आधार, बँक, मतदान, सगळीकडे सासरचं नाव. जर्मनीत मात्र माहेरचं.

"काकू, नाव बदलल्याचा काही कागद?"

"कसला कागद? ताटात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीनं नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले."

"आणि ते तांदूळ?"

"दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी खीर केली. माझा दाखला पाहुण्यांनी खाल्ला बघ."

आम्ही दोघी हसलो. काकूंचा अंगठा मात्र पेरांवरून फिरत राहिला.

शेवटी शपथपत्र करायचं ठरलं. माहेरचा साक्षीदार म्हणून धारहून त्यांचे थोरले भाऊ बसनं आले, कानानं जरा कमी. नोटरीनं विचारलं, "दादाजी, दोनों एक ही हैं, कैसे मान लें?"

"ओ वकीलसाहेब," भाऊ म्हणाले, "हिला सायकलच्या दांड्यावर बसवून शाळेत मी नेलंय. नाव बदललं म्हणून वजन बदलतं का?" आणि त्यांनी बहिणीला तिच्या माहेरच्या नावानं हाक मारली. "ये गं, सही कर."

आधी काकूंनी सासरच्या नावाची सही केली, एकेक अक्षर जोडत, नेहमी करायच्या तशी. मग माहेरच्या नावाची. पेन कुठं अडलंच नाही. खाली रेघही मारली गेली. मी जुना पासपोर्ट शेजारी ठेवला. तीच सही, तीच रेघ. नोटरीनं चष्मा वर केला आणि शिक्का मारला.

पुढं दोन महिने काहीच नाही. एक दिवस पोस्टमन चहा पिताना सहज म्हणाला, "जर्मनी का एक लिफाफा आया था. पूरी गली में पूछा, उस नाम की कोई औरत ही नहीं. वापस कर दिया."

मी घाबरत काकूंना सांगितलं, लिफाफा माहेरच्या नावानं आला होता. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "बरोबरच आहे त्याचं. पस्तीस वर्षं मी कुणाला सांगितलंच कुठं?"

मी पुन्हा ईमेल केला. आणि त्यांचं माहेरचं नाव मोठ्या अक्षरांत छापून लॅमिनेट करून दिलं. मराठी लिहिताना माझा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होतो, शिक्षण हिंदीत ना. काकूंनी वेलांटी दुरुस्त करायला लावली, मग ते पान काकांच्या पाटीखाली दारावर चिकटवलं.

सून हसली, "आई, लोक विचारतील, ही कोण नवी भाडेकरू?"

"जुनीच आहे. सगळ्यांत जुनी."

पेन्शन सुरू झाली. काकू एकट्या रिक्षात बसून चष्म्याच्या दुकानात गेल्या आणि परत येताना मला दाखवायला थांबल्या. दर वर्षी तिकडून जिवंत असल्याचा फॉर्म यायचा. त्यावर त्या माझ्याच टेबलावर सही करायच्या, रेघ मारून. एकदा फ्रेममधल्या माझ्या नावाकडे बोट करून म्हणाल्या, "हे नाव कुणाला खाऊ देऊ नकोस." माझ्या लग्नात तांदळाचं ताट समोर आलं, तेव्हा मी नवऱ्याला आहे तेच नाव लिहायला सांगितलं. मांडवात कुजबुज झाली. पुढच्या रांगेत काकू पेरं मोजत बसल्या होत्या, चेहरा अगदी गंभीर.

गेल्या थंडीत त्या गेल्या. तेराव्याला सगळे जर्मनकाकू, जर्मनकाकू म्हणत होते.

परवा सून दुकानात आली. या वर्षीचा फॉर्म आला होता. आता तो भरायचा नव्हता, नुसतं कळवायचं होतं.

"पोस्टमननं कुणाकडे विचारलं?" मी म्हटलं.

"कुणाकडेच नाही. सरळ दाराशी आला, पाटीखालचं नाव वाचलं आणि त्याच नावानं हाक मारली. दोनदा."