वायरीवर नाव आत्याचं

आमच्या आत्याला गाण्यातलं काही कळत नाही, आणि हे ती कुणापासून लपवत नाही. माझ्या धाकट्या बहिणीने बेस गिटार घेतली तेव्हा आत्याने तिच्या चार तारा मोजल्या आणि काळजीने विचारलं, "बाकीच्या दोन दुकानदाराने ठेवून घेतल्या का?"

पण तार मात्र कळते. जळालेल्या मोटरी उकलायच्या, काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हे काम तिने तीस वर्षं केलं. मोटर नुसती हुंगून ती सांगते की ही म्हातारपणाने गेली की मालकाच्या हट्टाने.

मोटरदुरुस्तीचं दुकान मुळात आतोबांचं. ते अचानक गेले तेव्हा आत्या पस्तिशीची होती. सगळ्यांनी सल्ला दिला की दुकान विकून टाक. सल्ला फुकट असल्यामुळे तो भरपूर आला. आत्या सगळ्यांचं ऐकून घेऊन हो हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आतोबांच्या स्टुलावर जाऊन बसली. बारा वर्षं त्यांना डबा द्यायला जाता जाता तिने सगळं काम डोळ्यांनी चोरलं होतं. अडचण एकच होती. गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं, तिच्या मागे बघायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठाय?" एकदोघं मोटर उचलून परत गेले, तेव्हा आत्याने उत्तर तयार केलं: "जेवायला गेलाय. मोटर ठेवून जा."

हा कारागीर दोन वर्षं जेवत होता. सकाळी साडेनऊला कुणी आलं तरी जेवत होता, संध्याकाळी सहाला आलं तरी जेवत होता. त्याच्या खाण्याची गल्लीत चर्चा होती, पण त्याच्या हाताची त्याहून जास्त. शेवटी एका गिरणीवाल्याने खूश होऊन कारागिरासाठी नवा कोरा शर्ट आणून दिला. आत्याने तो ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी गिरणीवाला दुसरी मोटर घेऊन आला, तर आत्या तोच शर्ट अंगात घालून, बाह्या दुमडून, काउंटरवर उभी. म्हणाली, "झालं जेवून."

गिरणीवाल्याने शर्टाकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे. मग मोटर ठेवून गेला.

आता धाकटीकडे येतो. ती दिवसा दातांच्या दवाखान्यात कवळ्या तयार करते आणि रविवारी बँडमध्ये बेस वाजवते. बँडची तालीम आत्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत व्हायची, कारण त्या गल्लीला तीस वर्षं मोटरींची घरघर ऐकायची सवय होती आणि बेस तिला त्यातलाच वाटला. धाकटीचा सरंजाम म्हणजे तीन जणांचं बिऱ्हाड. वर ॲम्प्लिफायर, खाली कमरेएवढ्या दोन स्पीकरच्या पेट्या, आणि त्यांना जोडणाऱ्या दोन वायरी.

एका रविवारी गाणं रंगात आलं की ॲम्प्लिफायर बंद पडू लागला. दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. आत्या चष्मा कपाळावर चढवून आली आणि पेटीकडे जाणाऱ्या वायरीला तिने हात लावला. "हिला ताप आलाय," ती म्हणाली. मग कुणी नको म्हणायच्या आत तिने ब्लेडने वायर उभी चिरली. आत केसाएवढी तार आणि तिच्याभोवती जाळी. ही गिटारपासून ॲम्प्लिफायरपर्यंत जोडायची वायर. तोंड सारखंच, भोकात नीट बसते, म्हणून धाकटीने ती ॲम्प्लिफायरपासून पेटीकडे लावली होती.

"ही निरोप पोचवणारी तार आहे," आत्या म्हणाली. "पोस्टमनच्या डोक्यावर तू भरलेलं पिंप दिलंस."

मग आम्ही तिघं वाद्यांच्या दुकानात स्पीकरची वायर बघायला गेलो. दुकानदाराने मखमलीच्या डबीतून एक वायर काढली. अंगठी दाखवावी तशी. वायरीवर बारीक सोनेरी बाण होते. वीज बाणाच्या दिशेने जायला हवी, त्याने समजावलं, उलटी लावली तर आवाजातली ऊब जाते. धाकटी मान डोलवत होती. तिला ती वायर हवी होती, हे तिच्या पाठीवरूनसुद्धा कळत होतं.

आत्याने विचारलं, "मालक, हिच्या गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा सूर लावला तर वीज ह्यातून सेकंदाला चाळीस वेळा जाते आणि चाळीस वेळा परत येते. परत येताना बाण बघून तिने काय करायचं? वळसा घालून यायचं?"

दुकानदाराने डबी मिटली.

आपल्या दुकानात येऊन आत्याने पाण्याच्या मोटरीला लावतात ती काळी रबराची, आत दोन जाड पदर असलेली वायर काढली. लांबी पेटीपर्यंत पोचेल एवढी आणि वर एक हात. लांब वायरीत जोर वाटेतच सांडतो, तिचं म्हणणं. दोन्ही टोकांना पिना झाळून जोडल्या. मग एक पिन भिंतीतल्या कडीत अडकवून, वायर मुठीला गुंडाळून, पाय भिंतीला लावून ती मागे रेलली. पूर्ण वजनाने. जोड सुटला असता तर आत्या थेट फडताळात गेली असती. तिच्या मते जोड तपासायची दुसरी पद्धत म्हणजे देवावर भरवसा, आणि त्याला इतर कामं असतात.

शेवटी छोटा सेल. वायर पेटीत खोचून तिने दुसऱ्या टोकाला सेल टेकवला, की स्पीकरचा कागदी पडदा टुपकन पुढे आला. दुसऱ्या पेटीचाही पुढे आला. "दोघं एकदम पुढे यायला हवेत," आत्या म्हणाली. "एक पुढे नि एक मागे गेला, तर दोघंही जीव तोडून ओरडतात आणि समोरच्याला काही ऐकू येत नाही. एकत्र कुटुंबासारखं."

त्या दोन वायरींवर बँडने दोन महिने तालीम केली. ॲम्प्लिफायर एकदाही रुसला नाही. मग शहरातल्या मोठ्या हॉलमध्ये कार्यक्रम मिळाला. पहिला मोठा कार्यक्रम. आणि त्याबरोबर बारा कलमांचा नियमांचा कागद आला. सातवं कलम: मंचावर आणलेल्या प्रत्येक वायरीवर उत्पादकाचे नाव असावे, अन्यथा हॉलची वायर वापरावी.

बाबांनी, म्हणजे आत्याच्या सख्ख्या भावाने, पाच मिनिटांत तोडगा काढला. कुठल्याही कंपनीचं लेबल चिकटवा. बँडमधल्या ड्रमवाल्याकडे हेडफोनच्या खोक्यावरचं एक चकचकीत लेबल होतंच. धाकटी ते घेऊन आत्याकडे गेली.

"आत्या, एवढासा कागद आहे गं."

आत्या नाही म्हणाली. बाबा म्हणाले, हट्ट कशाला, पोरीच्या पहिल्या कार्यक्रमाचा प्रश्न आहे. आत्या म्हणाली की पोरीने खुशाल हॉलची वायर लावावी, ती रागावणार नाही. पण तिच्या वायरीवर दुसऱ्याचं नाव लागणार नाही.

"दोन वर्षं मी न जन्मलेल्या माणसाच्या नावावर काम केलं," ती बाबांना म्हणाली. "तेव्हा पोटाचा प्रश्न होता. आता पोट भरलंय."

बाबांनी विषय सोडला. धाकटी मात्र फुगली. वायरीसाठी आत्या आपल्याला अडचणीत आणते, असं तिला वाटलं, आणि ते तिने आईजवळ बोलूनही दाखवलं. आत्याने कार्यक्रमाच्या दिवशी स्वतःच्या दोन वायरी पिशवीत भरल्या, कुणाला काही सांगितलं नाही आणि हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत येऊन बसली.

दुपारी चारला आवाज जुळवायला सुरुवात झाली. हॉलच्या व्यवस्थापकाने कपाटातून हॉलच्या वायरी काढून दिल्या. लेबल असं की अंधारातही वाचावं. धाकटीने वाजवायला सुरुवात केली आणि बेस आलाच नाही. बोटं हलत होती, तारा थरथरत होत्या, तिसऱ्या रांगेत मात्र कुणी शेजारच्या घरात कपाट सरकवावं एवढंच. धाकटीने आवाज वाढवला. पेट्या थडथडू लागल्या, तरी खाली काही पोचेना.

व्यवस्थापक सहानुभूतीने म्हणाला की आमच्या हॉलला बेस मानवत नाही. भिंती पितात. सहा वर्षं प्रत्येक बेसवाला हेच रडतोय. धाकटीचा चेहरा उतरला. सगळा बँड ऐकू येणार आणि ती नुसती दिसणार.

आत्या उठली आणि पायऱ्या चढून मंचावर गेली.

"मावशी, प्रेक्षकांनी वर यायचं नसतं," व्यवस्थापक म्हणाला.

"मी आत्या आहे. मावश्या हिच्या आईकडच्या, त्या यायच्यात अजून," असं म्हणून आत्याने ॲम्प्लिफायर बंद केला, दोन्ही वायरी त्यातून उपसल्या आणि पिशवीतून सेल काढला. पहिल्या वायरीला सेल टेकवला. पडदा पुढे. दुसरीला टेकवला. पडदा मागे. तिने व्यवस्थापकाला खाली बसायला लावलं आणि पुन्हा करून दाखवलं. पुढे. मागे. मग दुसऱ्या वायरीची पिन उघडली. कधीतरी जोड तुटला असणार आणि कुणीतरी तो घाईत उलटा झाळला होता. वर लेबल शाबूत.

"तुमच्या भिंती निर्व्यसनी आहेत," आत्या म्हणाली. "सहा वर्षं उगाच त्यांचं नाव खराब केलंत."

तिने आपल्या काळ्या वायरी लावल्या. धाकटीने सगळ्यात जाड तार छेडली. माझ्या खुर्चीचा हात थरथरला, मग खुर्ची, मग पोटातला चहा. मागच्या रांगेत झाडू मारणारा माणूस झाडू टेकवून उभा राहिला.

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. त्याने कान धरल्यासारखं केलं, ह्याच वायरी राहू द्या म्हणाला आणि वही उघडली. नियमाचं काय ते तो बघेल. नोंदीत "हॉलची वायर" लिहितो, म्हणजे प्रश्न मिटला, कुणाला कळणार आहे?

आत्या काही बोलायच्या आत खटकन आवाज झाला. धाकटीने ॲम्प्लिफायर बंद केला होता. गिटार गळ्यातून काढून तिने पेटीला टेकवून ठेवली आणि स्वतः पेटीवर बसली.

"नाव लिहा," ती म्हणाली. "मग वाजवते."

बाहेर लोक जमायला लागले होते. ड्रमवाला तिला डोळ्यांनी विनवत होता. बाबा दारातून हातवारे करत होते. व्यवस्थापकाने आशेने आत्याकडे पाहिलं, की मोठ्या बाईंनी समजूत घालावी. आत्या म्हणाली, माझ्याकडे बघू नका, प्रेक्षकांनी बोलायचं नसतं. पण ती विनाकारण चष्मा पुसत होती.

व्यवस्थापकाने वायर, उत्पादक, असे रकाने वाचले आणि पेन उघडलं. आत्याने नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, मधे एक वेलांटी चुकली ती दुरुस्त करून घेतली. पत्ता सांगितला. पुढचा रकाना हमीचा होता.

"किती वर्षं लिहू?" त्याने विचारलं.

आत्याने थोडा विचार केला. "मी आहे तोवर," ती म्हणाली. "नंतरचं हिला विचारा."

धाकटी पेटीवरून उठली, व्यवस्थापकाच्या खांद्यावरून डोकावून तिने नाव अक्षर न् अक्षर वाचलं, आणि मग गिटार गळ्यात अडकवली.