खिडक्या वजा करणारे साडभाऊ

स्वतःचं नुकसान करून घेण्याची परीक्षा असती, तर आमचे साडभाऊ जिल्ह्यात पहिले आले असते आणि बक्षीस दुसऱ्याच्या हाती देऊन घरी परतले असते. भिंती रंगवणं हा त्यांचा धंदा. सावली गावापासून पार हेमलकशापर्यंत शाळांच्या भिंतींवर जे वाघ, पाढे आणि नकाशे दिसतात, त्यातले निम्मे यांच्या हातचे. पैसे चौरस फुटावर. दुनियेतले सगळे पेंटर दारं-खिडक्या धरून भिंत मोजतात, कारण खिडकीची कड सांभाळायलाच जास्त वेळ जातो. हे महाशय टेप घेऊन खिडक्या वजा करतात, दारं वजा करतात, एकदा तर लाइटचा बोर्डसुद्धा वजा केला. "जिथी रंगच नाई लावला, त्याचे पैसे कसे घेऊ?" वर फुकटची कामं वेगळीच. एका शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाई सहज म्हणाल्या, "वाघ उपाशी दिसून राह्यला," तर या गड्यानं त्याच्यापुढे अख्खं चितळ काढून दिलं. त्याचे पैसे मागायचं नाव नाही.

शेवटी मेहुणीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, निर्वाणीचं सांगितलं. या खेपेला पुरे पैसे आणले नाहीत, तर ब्रश ठेवायचा आणि माजरी गावी जाऊन चौकीदारी धरायची. मी म्हटलं, भाव करायला मी येतो, तुम्ही फक्त तोंड बंद ठेवा. ठेवलंही बिचाऱ्यांनी. पुढच्या शाळेत मुख्याध्यापकांनी सगळं धरून मोजमाप कबूल केलं, सही करायला पेन काढला, आणि साडभाऊंना राहवलं नाही. "सर, यात चार खिडक्या जास्तीच्या लागल्या ना." सरांनी लगेच आकडा खोडला. मग अनुदान कमी आलंय म्हणून आणखी खोडला. मी कपाळाला हात लावला. परतीच्या वाटेवर मी त्यांना वाट्टेल ते बोललो. ते शांतपणे म्हणाले, "काऊन चिडता भाऊ, तुमचा का दोष?"

आता ते माजरीला एका ठेकेदाराच्या गोदामासमोर खुर्ची टाकून बसतात. परवा मी फोन केला. "जयभीम भाऊ. पगार टायमावर येते. पूरा येते," म्हणाले. मग पुढे, "दिवसभर नुसता बसून राह्यतो, त्याचे देऊन राह्यले. काम करत होतो, तवा कोणी देल्ले नाई."

इतकं कडू बोलणं त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला भडभडून आलं. जेवलात का, एवढंच विचारलं.