दिसलं नाही, मॅडम

पहिल्या वर्षाच्या पोरांची एक खोड मला पाठ झाली आहे. काहीही विचारा, 'हो' म्हणतात. समजलं का? हो मॅडम. दिसलं का? हो मॅडम. त्यापेक्षा नंदीबैल बरा, तो निदान गुबुगुबु वाजल्यावरच मान हलवतो.

मी वनस्पतिशास्त्र शिकवते. आमचं कॉलेज नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथून दसरा झाला की निम्मी गावं ऊसतोडीला जातात. पहिलं प्रॅक्टिकल कांद्याच्या पापुद्र्याचं. काचेवर पापुद्रा, वर पाण्याचा थेंब, त्यावर पातळ काच अलगद टेकवायची आणि मायक्रोस्कोपमधून पेशी बघायच्या. घाईत काच टेकवली की आत हवा अडकते आणि काळ्या कडेचा गोल बुडबुडा दिसतो. दर वर्षी अख्खी बॅच तो बुडबुडाच पेशी म्हणून काढते, वर झकास शेडिंग. ज्यांना काहीच दिसलेलं नसतं, ती शेजारच्याचा बुडबुडा उतरवून घेतात. बहुतेकांच्या शाळेत मास्तरांना 'नाही कळलं' म्हणणं म्हणजे उलट बोलणं. ते वळण घेऊनच ती येतात, त्यांना काय बोल लावायचा?

म्हणून मी 'समजलं का' विचारणंच सोडून दिलं. पहिल्या दिवशी मीच मुद्दाम बुडबुडा पकडते, फळ्यावर काढते आणि सांगते, ही हवा आहे. प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याआधी प्रत्येकाने न कळलेली एक गोष्ट सांगायची, आपल्या घरच्या बोलीत. जो हसेल त्याने सगळ्यांच्या काचा धुवायच्या. हळूहळू पोरं बोलायला लागतात.

गेल्या वर्षी एक मुलगी काही केल्या बोलेना. ऊसतोड करणाऱ्या घरातली, कॉलेजला आलेली घरातली पहिलीच. दारात उभी राहून म्हणायची, "समदं कळलं, मॅडम." वहीत मात्र बुडबुडेच. एकदा तिला थांबवून घेतलं, तर रडायलाच लागली. वडिलांनी बजावलं होतं, दसऱ्यापर्यंत बघू. जमलं तर शीक, न्हाई तर चल आमच्यासंगं. फडावर आईबाप दिवसभर ऊस तोडणार, मागे कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, भाकरी करायला आणि लहान भावाला सांभाळायला कुणीतरी लागतंच. आपल्याला कळत नाही हे घरी समजलं तर कॉलेज सुटणार, ही तिची धास्ती. ऐकून जीव कळवळला माझा.

त्यानंतर तास संपला की ती आणि मी एकाच मायक्रोस्कोपवर बसायला लागलो. "न्हाई दिसलं" हे शब्द तिच्या तोंडून निघायला बरेच दिवस गेले. निघाले, आणि मग प्रश्नही यायला लागले.

दसरा उलटला आणि वडील तिच्यासोबत माझ्याकडे कॉलेजात आले. टोपी हातात घेऊन उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. "मॅडम, टेम्पो उद्या निघतोय. खरं सांगा, पोरीला जमतंय का?"

मी 'अगदी छान' म्हणणार होते. निम्मं खोटं, पण मी तेच म्हटलं असतं. तेवढ्यात तीच बोलली. "लई न्हाई कळत मला, आण्णा. पन आता इचारते. इचारलं की कळतं."

आता हिला उद्या घेऊनच जाणार, असं मला वाटलं.

वडिलांनी हातातली टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "इचारलं की कळतंय न्हवं? मंग ऱ्हा हितंच. धाकटीला नेतो संगं."

धाकटी म्हणजे तिची बहीण, सातवीत होती. "तिची शाळा?" मी विचारलं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह असतं, तिथं तिला ठेवा, असंही म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "मंग बारक्याला कोन बघंल, मॅडम?" त्यांच्यावर रागावता येईना आणि रागावल्याशिवाय राहवेनाही. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेले.

ती तिथंच उभी. रडली नाही. मी म्हटलं, "आज तास राहू दे गं. खोलीवर जाऊन पड जरा."

"न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "आता एक बी तास बुडवता येनार न्हाई मला. ह्यातला निम्मा धाकटीचा हाय."