बंदसरांनी चालू ठेवलेली तारीख

आमच्या सरांना चहासुद्धा उघडाबोडका लागायचा. अद्रक नको, विलायची नको. "चहात चहा पायजे, बाकीची वरात कायले?" असं म्हणत ते कप तोंडाला लावायचे आणि आम्ही अजून फुंकर मारतोय तोवर रिकामा करून ठेवायचे. चपला बिनपट्ट्याच्या, कारण पट्टा लावायला वेळ जातो. यवतमाळला त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथे नवीन कॉम्प्युटर आला की ते आधी त्यातलं काय काय बंद करता येतं ते शोधायचे. पोरांनी त्यांचं नाव बंदसर ठेवलं होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. चिडायचे नाहीत, उलट खूश व्हायचे.

मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग तिथेच शिकवायला लागले. कापसाच्या हलाखीची ती वर्षं. भाव पडलेले, सरकारी खरेदी आज सुरू तर उद्या बंद, आणि केंद्रांपुढे ट्रॅक्टरांच्या रांगा. जो भेटेल तो एकच विचारायचा, "काय खबर?" त्यावरूनच सरांनी बातम्या वाचायचा एक प्रोग्राम लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं 'खबर'. निरनिराळ्या वर्तमानपत्रांच्या साइटवरून मथळे गोळा करायचे आणि एका पडद्यावर एकाखाली एक दाखवायचे, एवढंच त्याचं काम. जिनिंगचे मुनीम, कॉलेजची पोरं, कोर्टातले बाबू, सगळे आमच्याकडे यायचे ते 'खबर' बघायला. टेलिफोनच्या तारेवर चालणारं ते इंटरनेट, त्याची चाल काय सांगावी! पण 'खबर' मात्र टिचकी मारली की उघडायचं.

ते तसं उघडावं म्हणून सरांनी सगळं छाटलं होतं. फोटो बंद. नवीन बातमी आली की वाजणारी घंटी बंद. पूर्ण बातमी बंद, मथळा तेवढा दिसणार. मी रोज भांडायचे. "सर, लोकांना फोटो आवडतात हो."

"ज्याले पायजे तो सेटिंगमधी जाऊन चालू करन. तुले आवडते म्हणून सगळ्याइच्या माथी कायले मारतं?"

"कोण जातंय सेटिंगमध्ये? तुम्ही बंद ठेवलं की ते लोकांसाठी कायमचं बंदच."

"मंग बरंच हाये ना!" म्हणून हसायचे. कप्पाळ माझं, अशा माणसाशी काय बोलायचं!

एक दिवस त्यांनी तारखाही काढून टाकल्या. प्रत्येक साइटची तारीख वेगळ्या तऱ्हेची, ती वाचून मराठीत मांडायला प्रोग्रामला एक क्षण जास्त लागायचा आणि तो क्षण सरांच्या डोळ्यांत खुपायचा. मी म्हटलं, "अहो, बातमीला तारीख नको?" तर म्हणाले, "पेपरले तारीख लागते, काहून का दुसऱ्या दिवशी त्यात भजे बांधतात. कॉम्प्युटरात कोण भजे बांधते?" सगळा वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू.

सरांची आई फुलसावंगीकडच्या तांड्यावर राहायची. तिला ते याडी म्हणत, म्हणून आम्हीही याडीच म्हणायचो. वडील गेल्यावर शेती तिनंच रेटली आणि त्याच शेतीवर सर शिकले. संक्रांत होऊन गेली होती. याडी घरचा सगळा कापूस ट्रॅक्टरवर लादून खरेदी केंद्रापुढच्या रांगेत जाऊन बसली होती. तिथल्या चहाच्या टपरीवर फोन होता, त्यावरून सर रोज तिची विचारपूस करायचे. त्या सकाळी त्यांनी 'खबर' उघडलं आणि पहिलाच मथळा आला: 'कापसाची सरकारी खरेदी बंद'.

सरांनी पुढचं काही पाहिलं नाही. इंटरनेट तोडलं, त्याच तारेवरून टपरीवाल्याला फोन लावला. "याडीले सांग, खरेदी बंद झाली. रांगेत बसू नको म्हणा. बाहेर व्यापारी उभे असतीन, देतीन त्या भावात देऊन टाक म्हणा." फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. वर्षभराचा कापूस मातीमोल जाणार होता. मला फार वाईट वाटलं.

काही सवलत वगैरे असेल म्हणून मी इंटरनेट पुन्हा जोडलं आणि ती बातमी मूळ वर्तमानपत्राच्या साइटवर जाऊन पूर्ण उघडली. ओळ ओळ करत खाली येत होती. तिसऱ्या ओळीत होतं, 'रणरणत्या उन्हात शेतकरी ताटकळत'. मी सरांकडे पाहिलं. सर स्वेटर घालून बसले होते!

"सर, ही मागच्या हंगामाची बातमी आहे!"

त्या साइटवाल्यांनी जुन्या बातम्या कशा कोण जाणे पुन्हा वर काढल्या होत्या. 'खबर'वर तारीख असती तर शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. सर ताडकन उठले, इंटरनेट तोडून फोन लावला, तर लागेना. पुन्हा लावला, एंगेज. "लाग ना बाप्पा, लाग ना," म्हणत होते. सरांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं.

शेवटी लागला. टपरीवाला इतका मोठ्यानं बोलायचा की मलाही ऐकू येत होतं. "कोन, तुमची बुढी? ते त भांडून राह्यली ना इथं! मांगच्या ट्रॅक्टरवाल्याले म्हन्ते मांगं घे, मले निंगू दे. तो कुठून घेईन मांगं? त्याच्या मांगं सारी रांग हाये. समोरून बी जागा नाई. व्यापारी तिकडे रोडवर वाट पाहून राह्यला."

"म्हंजे इकला नाई?"

"इकन कशी? ट्रॅक्टर हाललाच नाई ना!"

याडीला फोनवर बोलावलं. सर त्यांच्या बंजारा बोलीत ओरडून काय काय बोलले, मला त्यातलं 'याडी' तेवढं कळलं. पलीकडून मात्र शिव्या आल्या, हे भाषा न येताही कळलं. सरांनी फोन ठेवला, भिंतीला टेकून खालीच बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. "रांग सरकून नाई राह्यली म्हणून वाचलो, सुजाता. जिंदगीभर मी रांगेले शिव्या देल्या." मग म्हणाले, "चहा सांग. अद्रक टाकून."

याडीचा कापूस पुढे केंद्रानंच घेतला. तारीख तर सरांनी त्याच दुपारी चालू केली, मथळ्याच्याही वर, ठळक. 'खबर' थोडं रेंगाळायला लागलं. मुनीम कुरकुरायचे, तर सर म्हणायचे, "थांब ना बाप्पा, कव्हाची हाये ते त पाहू दे." मी म्हटलं, आता फोटोही चालू करा. तर नाहीच! "जे नसल्यानं माणूस नुसता कंटाळते, ते बंद. जे नसल्यानं माणूस फसते, ते चालू." आजही मी कॉलेजात प्रोग्रामिंग शिकवते तेव्हा पोरांना हेच सांगते.

पुढे सरांनी क्लास मला सोपवला आणि याडीला घेऊन नागपूरला गेले. याडी आता फार थकली आहे. सरांचा फोन वाजला की माझ्या छातीत धस्स होतं, आणि हे त्यांना न सांगता कळतं. म्हणून ते हॅलोच्या आधीच सुरू करतात, "आज मंगळवार, सकाळचे दहा. याडी बरी हाये."

मग मी खुर्चीत नीट टेकून बसते आणि विचारते, "चहा झाला का, सर?"

"होऊन राह्यला," ते म्हणतात. "अद्रक टाकलं हाये, टाइम लागन."