क्लबच्या खिडकीबाहेरचा मनोहर

मनोहर गेल्याचं मला पावर हाउसच्या बाजारात कळलं. हातात सामानाची यादी होती. तेल घेऊन झालं होतं, डाळ बाकी होती. कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधल्या एका ओळखीच्याने स्कूटर थांबवून सांगितलं, ‘‘मनोहर गेला ना भाऊ! ड्युटीवरून आला, पाणी मागतलं अन्...’’ तशीच अर्धी पिशवी घेऊन मी घरी परतलो. यादी अपुरी सोडायची मला सवय नाही.

मनोहर भंडाऱ्याकडच्या बौद्ध कुटुंबातला. पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर कामाला, राहायला माझ्याच क्वार्टरच्या ओळीत. आमच्या सेक्टरच्या क्लबात कॅरममध्ये त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. स्पर्धेचे ड्रॉ, पावडर, नियम हे सगळं माझ्याकडे असे, त्यामुळे त्याचा खेळ मी जवळून पाहिला. गप्प बसून खेळणं त्याला जमत नसे. ‘‘साहेब, आमचं ओव्हन बी एवढं तापत नाही, जेवढे तुम्ही तापून राहिले!’’ असं म्हणत तो राणी घेई, आणि हरणाराही हसे. टोमण्यांशिवाय कॅरम अळणी, असं तोच म्हणायचा.

एका संध्याकाळी त्याने एका फोरमनला हरवलं. फोरमन उठता उठता म्हणाला, ‘‘मेलेली ढोरं वाहणाऱ्यांच्या हाती राणी! काय जमाना आला!’’ चारपाच जण हसले. पुढच्या डावाला बसलेल्याने स्ट्रायकर आधी रुमालाने पुसला, मग हातात घेतला... मनोहर एवढंच बोलला, ‘‘खेळाले बोल ना बाबा, लाख बोल. माह्या बापाले कावून मधात आणतं?’’

घरी येताना त्याने मला तोड सुचवली. स्ट्रायकर भोकात गेला की आपण जिंकलेली सोंगटी परत मध्ये ठेवतो. जातीवरून तोंड घसरलं तरी ठेवावी. मला ते पटलं. मी नियम टाइप करून फलकावर लावला. कमिटीच्या बैठकीत त्यावरून गदारोळ झाला. ‘‘खेळात चालतंच हो. एवढं लागत असेल तर घरी खेळावं,’’ असं अध्यक्ष म्हणाले. हात वर झाले, तेव्हा नियमाच्या बाजूने माझा एकट्याचा होता. फलकावरून कागद निघाला.

मनोहर खरंच घरी खेळू लागला. क्वार्टरच्या पुढच्या खोलीत त्याने बोर्ड मांडला. शेजारच्या छत्तीसगढी बाया, तेलुगू, मल्याळी घरांतल्या पोरी, ज्यांना क्लबात कोणी बोर्डाला बसू देत नसे, त्या तिथे शिकल्या. तरी कारखान्यातली पाळी सुटली की क्लबच्या खिडकीपाशी त्याची सायकल थांबायची. मी एकदा म्हटलं, ‘‘चल ना आत.’’

‘‘नाही भाऊ. आवाजावरून समजते मले, कोण खेळून राहिला ते.’’

आत तो पुन्हा कधी आला नाही...

गेल्या आठवड्यात कमिटीने कॅरमच्या खोलीत त्याचा फोटो लावायचं ठरवलं. कोणी विरोध केला नाही. फोटो आणायला मला पाठवलं. मनोहरच्या घरी वहिनींनी चहा दिला, माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं.

‘‘भाऊजी, जित्या माणसाले खिडकीबाहेर ठेवलं. आता फोटोले आत कावून नेता?’’

मी कप खाली ठेवला आणि निघालो. फोटो मिळणार नाही, एवढंच कमिटीला कळवलं. क्लबात खिळा मात्र आधीच ठोकून झाला होता. तो तसाच आहे. खेळायला बसणारे आता त्याला शर्ट अडकवतात.