बर्फात रुतलेली बाटली

आईच्या इन्सुलिनची बाटली आमच्या घरी नसे, राईस मिलवाल्या शेठजींकडे असे. सत्तावन्न-अठ्ठावन्न सालचं गोंदिया. गल्लीत फ्रिज तेवढा त्यांचाच, आणि उन्हाळा असा की दुपारी माठातलं पाणीही कोमट लागायचं. उकळलेली सिरिंज डबीत घालून मी रोज सकाळी जायचो आणि डोस भरून आणायचो.

मी शाळामास्तर. वर्गात दरडावायचो, पण शेठाणीबाईंसमोर माझा आवाज फुटत नसे. त्यांच्याकडे फ्रिज म्हणजे आणखी एक कपाट. वाफाळतं दूध, बिनझाकणाची लस्सी, बाहेरून ओले तांबे, सगळं आत, आणि दार सताड उघडं. ती वाफ आणि ओल वरच्या बर्फाच्या कप्प्यावर गोठत गेली. बर्फ वारुळासारखा वाढत खाली उतरू लागला. दूध निववून ठेवा, झाकण घाला, एवढंच सांगायचं होतं. रोज ठरवायचो आणि रोज 'नमस्ते' म्हणून परत यायचो.

एका सकाळी बाटली दिसेना. वाकून पाहिलं तर भांड्यांच्या रेट्याने मागच्या कोपऱ्यात सरकलेली आणि गळ्यापर्यंत बर्फात रुतलेली. ओढली, हलली नाही.

मागे एकदा नागपूरहून बाटली यायला उशीर झाला, तेव्हा आई हाका मारूनही डोळे उघडेना. आजची सुई चुकली तर?

शेठाणीबाई स्क्रू पिळायचा पेचकस घेऊन आल्या. "हटो मास्टरजी, अभी फोड़ देते हैं."

"नको," मी दोन्ही हात आडवे केले. "आत गॅसची नळी असते. भोक पडलं तर..." तर काय, ते मला माहीत नव्हतं. माहीत नसलेल्याची मला जास्त भीती वाटते.

"तो फिर क्या करें?"

"बटन बंद करा. दार उघडं राहू द्या."

"वो तो खुला ही रहता है," त्या म्हणाल्या.

कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. बर्फ थेंबथेंब गळत होता आणि मला घरी निजलेली आई दिसत होती. शेवटी बाटली सुटली. उजेडात धरली, तर आत बर्फाच्या कपच्या. गोठलेलं औषध वितळलं तरी वापरायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलेलं होतं. सायकल काढून त्यांच्याकडे पळालो. त्यांनी आपल्या बाटलीतून डोस भरून दिला आणि नागपूरची बाटली येईपर्यंत रोज यायला सांगितलं.

आई खाटेवर पडून होती. डोळे उघडे होते.

"काऊन रे, एवढा उशीर?"

"शेठजींकडे गर्दी होती," मी थाप मारली.

मी सुई धरली.

"डोळे कायले मिटून राहिला? सुई मले टोचाची आहे का तुले?"

नवी बाटली आल्यावर शेठाणीबाईंपुढे उभं राहून मी एका दमात सांगितलं: दूध निवल्यावर झाकून ठेवा, भांडी पुसून ठेवा, दार लगेच लावा, बोटभर बर्फ दिसला की बटन बंद करून तो वितळू द्या.

"इतनी सी बात? पहले काहे नहीं बोले?"

तुमची भीती वाटते, हे सांगायचं धैर्य त्या दिवशीही झालं नाही. बाटली बर्फाच्या कप्प्यापासून लांब, दाराच्या खणात ठेवली. दार लावलं, आणि नीट लागलंय की नाही ते पाहायला पुन्हा उघडलं.