मीठ बंद

"बोट दाब. स्वतःच्या पायावर. जोरात. आता उचल."

भोरच्या दवाखान्यातले डॉक्टर ओसरीवरून माझ्या बापाला सांगत होते. बा खाली अंगणात बसलेला, धापा टाकत. पाय सुजून टम्म झालेले. त्यानं बोट दाबलं, उचललं. पायाला खळगा पडला. डॉक्टरांनी तो लांबूनच पाहिला. आम्ही महार. आम्हाला हात लावायचा नाही, म्हणून आजारी माणसानं आपली तपासणी आपणच करायची.

आमच्या आधी आमच्याच गावचा, कामथडीचा, एक बागायतदार ओसरीवर होता. त्याचाही पाय तसाच सुजलेला. त्याचा पाय मात्र डॉक्टरांनी स्वतःच्या अंगठ्यानं दाबला. मग त्याला शेजारी बसवून बरंच काही समजावलं. अंगणात ते ऐकू येत नव्हतं. आमच्या वाट्याला कंपाउंडर आला. त्यानं उंचावरून आमच्या बाटलीत औषध ओतलं आणि म्हणाला, "मीठ बंद. चल, पुढचा."

एवढंच.

घरी येताना बा वाटेत जागोजाग टेकत होता. पण डोकं त्याचं तापलेलं. "इहिरीवर पानी बंद. देवळात पाय बंद. आता घासातलं मीठबी बंद? ह्यांस्नी आपलं जेवनबी खुपतंय."

मलाही तेच वाटलं. का वाटू नये? त्या ओसरीवरून आमच्या भल्याचं आजवर काय आलं होतं? औषधाचाही संशय. पाणीच रंगवून दिलं असेल. बानं घरी आल्या आल्या सुकट मागितली, वर मीठ घेतलं आणि सूड उगवल्यासारखी खाल्ली.

सूज मांड्यांवर चढली. आडवं पडलं की जीव घाबरायचा. बा रात्रंदिवस भिंतीला टेकून बसून राहायचा.

त्या बागायतदाराच्या रानात मी खुरपायला जायची. एकदा त्याची बायको न्याहारी घेऊन आली. नवऱ्याचं कालवण वेगळं. मी विचारलं, "ह्ये येगळं कशापायी?"

"आळणी हाय. मिठानं अंगात पानी साचतंया, त्ये छातीत चढून दम लागतुया. डाक्टरांनी समजावून सांगितलं. तुज्या बाला न्हाई सांगितलं?"

माझं खुरपं हातातच राहिलं. तिचा नवरा बांधावरून चालत येत होता. त्याच्या पायात पुन्हा वहाणा जात होत्या. मला रडू आलं नाही. संताप आला.

त्याच दिवशी चुलत्यांनी बाला झोळीत घालून पुन्हा भोरला नेलं. मीही बरोबर गेले. डॉक्टर म्हणाले, "मीठ सोडलं नाहीस ना? तुम्हा लोकांना सांगून उपयोग नाही."

मी पायरी चढले. कंपाउंडर खेकसला, "ए, खाली उतर." मी उतरले नाही.

"मीठ बंद म्हनलात. का, त्ये सांगितलं न्हाई. ओसरीवरल्या मानसाला सांगितलं. आता माज्या बाला सांगा."

डॉक्टरांनी सांगितलं. भिंतीकडं बघत, पण सगळं सांगितलं. खाली बा ऐकत होता. म्हणाला, "तवाच सांगितलं असतं, तर म्या मिठाला हात लावला नसता." पुढं बोलायला त्याला दम पुरला नाही.

शिमग्याआधी बा गेला. लोक म्हणाले, हट्टानं गेला. खोटं. माझ्या बापाला न सांगून मारलं.

आता महारवाड्यातलं कुणीही आजारी पडलं की मी बरोबर जाते. पायरीवर बसते, आजाऱ्याला शेजारी बसवते. काय खायचं, काय नाही आणि का, ते विचारते. उत्तर मिळालं तरी माझा विश्वास बसत नाही. इतरांना काय सांगतात तेही कान देऊन ऐकते, ताडून बघते. कंपाउंडर ऊठ म्हणतो. म्हणू दे. जीव आमचा जाणार असेल, तर कारण आम्हाला कळल्याशिवाय ती पायरी मी सोडणार नाही.